पेडलवरही चालतील, कातळावरही: एका जोडीचा शोध

सायकलने डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं, सायकलला कुलूप घालायचं, वर चढून यायचं आणि सायकलनेच परतायचं. असे बेत करायला लागल्यावर टायर, गिअर, सॅक हे सगळं पटकन ठरलं. बूट मात्र ठरेनात. सायकलवाल्या मित्रांना विचारावं तर ते पेडलला अडकणारे कडक सोलचे बूट सुचवत, ट्रेकवाले घोट्याच्या वर जाणारे जाड बूट. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, पण मला एकाच दिवसात दोन्ही करायचं होतं.

आधी भांडण नेमकं कुठे आहे ते पाहिलं. पेडल मारताना सगळा जोर चवड्यातून जातो. सोल मऊ असेल तर तो जोर पेडलला टेकलेल्या तेवढ्याशा जागेत एकवटतो. काही वेळाने चवडा जळजळतो, बोटांना मुंग्या येतात. म्हणून सायकलचा बूट कडक असतो. चालताना याच्या उलट. टाच टेकते, वजन पुढे सरकतं, टाच उचलली जाते आणि बूट बोटांच्या मुळाशी वाकतो. तो वाकलाच नाही तर पायाची टाच बुटातून वर निसटते, परत खाली बसते. लांब चढावर हे असंच चालू राहिलं की टाचेला फोड ठरलेला. म्हणजे चालताना जी जागा वाकायला हवी, पेडलवर नेमकी तीच कडक हवी. बाकी वजन, उंची, रंग वगैरे गोष्टींवर तोडगा निघतो, या चार बोटांच्या जागेवर निघणं अवघड.

घरात ट्रेकचे बूट होतेच, म्हणून सुरुवात त्यांनी केली. साध्या चपट्या पेडलवर ते चालतात, कोणी चालत नाहीत म्हणालं तर विश्वास ठेवू नका. जवळच्या अंतराला मी आजही कोणाला नवीन बूट घ्यायला सांगणार नाही. पण अंतर वाढलं की त्यांचे स्वभाव कळतात. घोट्याभोवतीची जाड कॉलर दर फेऱ्याला नडगीच्या खालच्या भागाला आणि मागच्या शिरेला दाबते. घोट्याची आतली बाजू क्रँकला, म्हणजे पेडल ज्यावर बसतं त्या दांड्याला, घासते, मग आपण नकळत पाय बाहेर धरून पेडल मारतो आणि गुडघा तक्रार करतो. सोल जाड असल्यामुळे पाय पेडलपासून जरा वर राहतो, म्हणजे सीट आपोआप खाली केल्यासारखं होतं. हे लक्षात आल्यावर मी सीट थोडी वर घेतली आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूचं दुखणं बरंच कमी झालं. बूट बदलला की सीटची उंची पुन्हा बघायची, हे तेव्हापासून अंगवळणी पडलं.

पण खरा त्रास सोलच्या खोल दातांचा. असे रबरी दात असलेला सोल इटलीच्या विताले ब्रामानी यांनी १९३७ मध्ये आणला. १९३५ च्या एका गिर्यारोहण दुर्घटनेत त्यांचे सहा साथीदार गेले होते, त्यानंतर त्यांनी हे काम हाती घेतलं. या सोलच्या व्हिब्रम कंपनीचं नाव त्यांच्याच नावावरून आलंय. माती आणि सुट्या दगडांवर या दातांना तोड नाही. पेडलवर मात्र पिन, म्हणजे पकडीसाठी पेडलवर असलेला धातूचा बारीक खुंट, दोन दातांच्या मधल्या खोबणीत जाते आणि रबराचा फारच थोडा भाग पेडलला टेकतो. खड्ड्यातून गेलं की पाऊल जागचं सरकतं. पाय उचलून नीट ठेवावा तर दात पिनेवर अडतो. उतारावर, ब्रेक धरलेले असताना, हे नको वाटतं.

दुसरा प्रयोग क्लीटचा, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवण्यासाठी सोलला स्क्रूने लावतात त्या तुकड्याचा. इथे दोन घराणी आहेत. रस्त्याच्या शर्यतीच्या बुटांना तीन स्क्रूंची मोठी क्लीट लागते. ती सोलच्या बाहेर असते आणि तिच्यावर चार पावलंही बदकासारखी पडतात, तिचा विचारच केला नाही. डोंगरी सायकलच्या बुटांना दोन स्क्रूंची लहान धातूची क्लीट लागते. ती सोलमधल्या खाचेत बसते, आजूबाजूचं रबर जमिनीला टेकतं. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोने १९९० मध्ये एसपीडी हा लहान क्लीट-पेडलचा प्रकार आणला तो याच विचाराने, उतरून चालता यावं म्हणून. डांबरावर, मुरमावर, सपाट पायवाटेवर मला त्यांचा काहीच त्रास झाला नाही. खडकावर झाला. सपाट जमिनीवर खाचेत लपणारी क्लीट टोकदार दगडावर पाय पडला की थेट दगडाला भिडते, किर्रर्र आवाज येतो आणि पाय सटकतो. ओल्या कातळावर तर धातूवर भरवसा ठेवायचाच नाही. चिखलात खाच भरते, मग क्लीट पेडलमध्ये अडकेनाशी होते, मग काडी शोधून खरवडत बसा.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. चालण्याने क्लीटचे स्क्रू ढिले होतात. दोनपैकी एक पडला तर क्लीट उरलेल्या स्क्रूभोवती नुसती फिरते. आपण पाय सोडवायला टाच बाहेर वळवतो, बूट वळतो, क्लीट जागची हलत नाही, आणि पाय पेडललाच अडकून राहतो. सायकल थांबलेली, पाय अडकलेला, पुढे काय होतं ते सांगायला नको. म्हणून डोंगरावरून खाली आल्यावर पेडलवर बसण्याआधी मी चार नंबरच्या ॲलन कीने दोन्ही बुटांचे स्क्रू बघायचो. पाच-सहा न्यूटन मीटर एवढा पीळ पुरतो. आट्यांना आधी थोडं ग्रीस लावलेलं असावं, नाहीतर पाण्यामातीने स्क्रू असे गंजतात की नंतर निघत नाहीत.

क्लीट मी पूर्ण सोडलेल्या नाहीत. सायकलिंग लांबचं आणि चालणं बेताचं असेल तर त्यांच्यासारखं सुख नाही. अशा वेळी पूर्ण कडक सोल टाळायचा. मधल्या भागात नायलॉनची पट्टी आणि बोटांकडे थोडी लवचीकता, असे बूट मिळतात. क्लीट शक्य तितकी मागे, टाचेकडे बसवली की चवड्यावरचा ताण कमी होतो आणि पुढचा भाग वाकायला मोकळा राहतो. दोन्ही बाजूंना एकेक जुगाड करून का होईना, चालून जातं.

दोन जोड्यांचा मार्ग अनेकजण सांगतात, तोही करून पाहिला. सायकलचे बूट पायात, हलके ट्रेल रनिंगचे बूट सायकलच्या कॅरियरवर. पायथ्याशी बदलायचे. आल्या वाटेनेच परतायचं असेल तर हा सगळ्यात आरामाचा प्रकार, दोन्हीकडे पाय खूश. पण सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेत खिंड ओलांडायची असेल, तर दुसरी जोडी वर वाहावीच लागते. मागे ठेवलेल्या जोडीची काळजी वेगळी. पाऊस आला तर ती भिजते, आणि घालण्याआधी उलटी करून झटकावी लागते, आत कोण येऊन बसलंय सांगता येत नाही. मला सगळ्यात कंटाळा आला तो थांबण्याचा. वाटेत एखादी टेकडी आवडली, जाऊन यावं वाटलं, की आधी बूट बदला. मग टेकडीच राहून जायची.

इथे माझा विचार फिरला. तोवर मी सायकलच्या बाजूने विचार करत होतो, की चांगल्या सायकलिंगला लागणाऱ्या बुटात किती चालता येईल. आता उलटा प्रश्न घेतला. वाटेतला सगळ्यात वाईट शंभर मीटरचा चालण्याचा टप्पा कुठला, आणि तो कुठल्या बुटात धड पार होईल? सायकलवर पाय थोडा दुखला तर वेग कमी होतो, उताराच्या कातळावर घसरला तर गोष्ट वेगळी. शिवाय सायकलची बाजू बदलता येते. पेडल बदलणं म्हणजे पंधरा नंबरच्या पान्याचं काम. मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना पेडलचे आटे सारखेच असतात, ९/१६ इंचांचे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात एवढं लक्षात ठेवलं की झालं, नाहीतर सोडवतोय म्हणत आपण ते आवळतच बसतो. म्हणून आधी चालण्याचा बूट ठरवायचा आणि पेडल त्याला जुळतील असे घ्यायचे.

त्यासाठी चपट्या पेडलसाठीच बनवलेले डोंगरी सायकलचे बूट पाहिले. त्यांचं रबर चिकट असतं, पिनेवर पाय खिळल्यासारखा बसतो. या रबराचं मूळ सायकलमध्ये नाहीच. चार्ल्स कोल यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या फाइव्ह टेन कंपनीचं स्टेल्थ रबर प्रस्तरारोहणाच्या बुटांत नावाजलं गेलं आणि पुढे पेडलवर आलं. कोरड्या कातळावर हे बूट अप्रतिम. पण त्यांतल्या बऱ्याच बुटांचा सोल टाचेपर्यंत जवळपास सपाट असतो, ओल्या मातीच्या उतारावर टाच रोवायला गेलं की सरळ घसरगुंडी.

मग नजर अ‍ॅप्रोच शूजवर गेली. कड्याच्या पायथ्यापर्यंत चालत जायचं आणि थोडं सोपं आरोहणही करायचं, यासाठी ते बनवलेले असतात. बोटांखाली गुळगुळीत, चवड्याखाली उथळ नक्षी, टाचेला मात्र खोल दात. मला हवा होता तो आकार हाच. उथळ नक्षीत पिना व्यवस्थित रुततात, उतारावर टाच धरते, उंची घोट्याच्या खाली असल्यामुळे क्रँकला काही लागत नाही. सोल क्लीटच्या बुटाइतका कडक नसतो, पण ट्रेल रनिंगच्या बुटापेक्षा बराच कडक असतो. राहिलेली कसर पाय ठेवण्यात भरून काढली. पेडलचा आस अगदी चवड्याखाली न घेता किंचित मागे, तळपायाच्या कमानीकडे घेतला. पेडलही रुंद घेतलं, जोर जास्त जागेत वाटला जातो.

दुकानात जाताना संध्याकाळ निवडली, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि डोंगरावर तेच पाय असतात. मोजे नेहमीचेच नेले. बूट हातात घेऊन टोक आणि टाच दाबली. तो बोटांच्या मुळाशी वाकला तर बरा, मधोमध मोडला तर परत फळीवर. मग माझी आवडती चाचणी: पायरीच्या कडेवर फक्त चवडा टेकवून उभं राहायचं आणि हळूहळू वर-खाली करायचं. कड पायाला टोचली तर पेडलही टोचणार. त्यानंतर पायऱ्या उतरायच्या, शक्य असेल तर उतरत्या फळीवर. बोटं पुढे आपटली तर नखं काळी पडणार हे नक्की. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पण टाच मात्र हलता कामा नये. दुकानदाराला माझं हे पायरीवरचं नाटक आवडलं नसावं, पण त्याने काही म्हटलं नाही.

वॉटरप्रूफ घ्या, असा आग्रह मात्र त्याने केला. मी नाही घेतले. पुढच्या चाकाचं पाणी नडगीवर उडतं आणि ओघळून वरूनच बुटात जातं. वॉटरप्रूफ पडद्याने एकदा आत आलेलं पाणी लवकर बाहेर पडत नाही. जाळीचा बूट लगेच भिजतो पण चालता चालता निथळतो, आणि लोकरीचे मिश्र मोजे असतील तर ओल्या पायालाही फार त्रास होत नाही. कडाक्याच्या थंडीत किंवा बर्फात जाणाऱ्याने हा सल्ला ऐकू नये.

ही जोडी आता चांगली मुरली आहे. दोन तक्रारी आहेत. नाडीची टोकं लांब आहेत, उजव्या पायाची नाडी चेनकडे झुकते, त्यामुळे ती दुहेरी गाठ मारून आडव्या नाडीखाली खोचावी लागते. आणि पेडलच्या धातूच्या पिना चवड्याखालचं मऊ रबर खातात, टाचेची नक्षी शाबूत असताना पुढची झिजली आहे. पेडलच्या मधल्या काही पिना काढून पाहिल्या, झीज कमी झाली, पकड फारशी गेली नाही. पुढची जोडी याच घडणीची, पण नाडी दाबून ठेवायला वर इलॅस्टिकची पट्टी असलेली शोधतोय.