तीन हॅम्पडेन आणि एक हट्टी क्लब

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला फुटबॉलसाठी जाणारे बहुतेक जण सेल्टिक किंवा रेंजर्स या मोठ्या क्लबांच्या स्टेडियमची टूर करतात, स्कार्फ घेतात आणि परततात. जरूर करा. पण शहराच्या दक्षिण भागासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. तिथे क्वीन्स पार्क या क्लबने एकापाठोपाठ एक तीन मैदानं उभारली, तिन्हींना हॅम्पडेन हेच नाव दिलं, आणि तिन्ही जागा आजही पायी बघता येतात. माझा सल्ला एवढाच की त्या क्रमाने बघा. थेट आजच्या मोठ्या स्टेडियमवर गेलात तर ते चारचौघांसारखंच एक स्टेडियम वाटेल.

ग्लासगो सेंट्रलहून कॅथकार्टकडे जाणारी लोकल पकडून क्रॉसहिलला उतरायचं. दहा मिनिटांचाही प्रवास नाही. आधी पाय मोकळे करायला क्वीन्स पार्क या बागेत जा. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा १५६८मध्ये लँगसाइडच्या लढाईत पराभव झाला तो याच परिसरात, आणि बागेचं नाव तिच्यावरूनच पडलं. टेकडीवरच्या झेंड्याच्या खांबापाशी अख्खं शहर दिसतं. ९ जुलै १८६७ रोजी इथल्याच काही तरुणांनी क्लब काढला आणि बागेचं नाव त्याला दिलं. स्कॉटलंडमधला हा सगळ्यात जुना फुटबॉल क्लब.

सुरुवातीला खेळायला प्रतिस्पर्धीच नव्हते, म्हणून आपापसांतच संघ पाडून खेळायचे. एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेच्या चषकासाठी वर्गणी जमली तेव्हा यांनी एक गिनी (एक पौंडाहून थोडी जास्त रक्कम) पाठवली. १८७२च्या उपांत्य सामन्यात त्यांनी वाँडरर्स या संघाला लंडनमध्ये बरोबरीत रोखलं, पण पुन्हा होणाऱ्या सामन्यासाठी तिथे थांबायला पैसे नव्हते. स्पर्धा सोडून मंडळी घरी परतली! त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पार्टिकच्या क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे होते. सामना ०-० सुटला. इंग्रज अंगाने दणकट, बॉल पायात ठेवून एकट्याने घुसणारे. त्यांच्यापुढे स्कॉट हलके, म्हणून ते एकमेकांना पास देत पुढे सरकायचे. पासिंगचा खेळ पुढे जगभर गेला, त्यात या क्लबचा वाटा फार मोठा आहे.

पहिलं हॅम्पडेन क्रॉसहिल स्टेशनच्या अगदी जवळ आहे. १८७३मध्ये सुरू झालेल्या त्या मैदानावर आता लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याच्या खेळाचा क्लब आहे. शेजारच्या घरांच्या रांगेला जॉन हॅम्पडेनचं नाव होतं, ते मैदानाला चिकटलं. हा गृहस्थ इंग्लंडच्या राजाशी भांडलेला इंग्रज खासदार. स्कॉटलंडचं राष्ट्रीय स्टेडियम आज इंग्रजाच्या नावाने ओळखलं जातं, हे तिथे कुणाला फारसं खटकत नाही. क्लबहाउसच्या भिंतीवर १८८२च्या सामन्याचं मोठं चित्र आहे. त्या दिवशी स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ हरवलं होतं. त्या संघात अँड्र्यू वॉटसन होता. ब्रिटिश गयानात जन्मलेला हा जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू, आणि आदल्या वर्षी लंडनमध्ये ६-१ जिंकलेल्या संघाचा कप्तान. जागा खासगी आहे, तेव्हा आत जाण्याआधी विचारा.

हे मैदान गेलं ते रेल्वेमुळे. लाइन स्टँडच्या जागेतून जाणार होती. आपण ज्या लोकलने येतो, तीच ही लाइन.

तिथून दहाएक मिनिटं चालल्यावर दुसरं हॅम्पडेन लागतं, आजचं कॅथकिन पार्क. अख्ख्या फेरीत मला सगळ्यात आवडलेली जागा हीच. क्वीन्स पार्क १९०३मध्ये निघून गेल्यावर इथे थर्ड लॅनार्क क्लब आला. तो १९०४मध्ये लीग जिंकला आणि १९६७मध्ये कायमचा बंद पडला. प्रेक्षकांच्या पायऱ्या मात्र तीन बाजूंना अजून आहेत. त्यांच्यातून झाडं उगवून उंच गेलीत, पायऱ्यांवर शेवाळ आहे, आणि मध्येच लाल रंगाचे लोखंडी कठडे उभे आहेत. खाली हिरवळीवर मुलं खेळत होती. तिकीट नाही, दरवाजा नाही. पाऊस पडून गेला असेल तर पायऱ्या भयंकर निसरड्या होतात, चांगली पकड असलेले बूट घाला. छत्री नेऊ नका, वाऱ्यात टिकत नाही. टोपीचं जॅकेट बरं.

आणखी दहा-पंधरा मिनिटांवर तिसरं, म्हणजे आजचं हॅम्पडेन. ३१ ऑक्टोबर १९०३ला ते सुरू झालं. १९३७च्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला इथे १,४९,४१५ प्रेक्षक होते. १९६०च्या युरोपियन कपच्या (आजची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामन्यात रेआल माद्रिदने आइनट्राख्ट फ्रँकफर्टला ७-३ लोळवलं, पुश्काशचे चार आणि दी स्तेफानोचे तीन गोल. या सगळ्या काळात स्टेडियमचा मालक होता खेळाडूंना छदामही न देणारा क्लब. १८९०मध्ये स्कॉटिश लीग सुरू झाली तेव्हा यातून पगारी खेळाडू येणार हे ओळखून क्वीन्स पार्क बाहेर राहिला. तीनच वर्षांत स्कॉटलंडमध्ये पगारी खेळाला मान्यता मिळाली. दहा वेळा स्कॉटिश कप जिंकलेला हा क्लब १८९३नंतर तो कप पुन्हा उचलू शकला नाही. हट्टाची किंमत मोजली, पण हट्ट सोडला २०१९मध्ये! पुढच्या वर्षी स्टेडियम ५० लाख पौंडांना स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनला विकलं. पुढे मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर म्हणून गाजलेल्या ॲलेक्स फर्ग्युसनच्या खेळाची सुरुवात याच क्लबातली. पुढे स्कॉटलंडचा कप्तान झालेला अँडी रॉबर्टसनही इथे खेळायचा, तेव्हा हॅम्पडेनमध्येच फोनवर तिकिटांची बुकिंग घ्यायचा.

स्टेडियममधलं स्कॉटिश फुटबॉल म्युझियम चुकवू नका. १८७२च्या सामन्याचं तिकीट आणि १८७३चा मूळ स्कॉटिश कप तिथे आहेत. म्युझियम आणि स्टेडियमची टूर दोन्ही घ्या, पण मोठा सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम असेल त्या दिवशी टूर बंद असते, म्हणून आधी वेबसाइट बघा.

जमलं तर क्वीन्स पार्कचा सामनाही बघा. हंगाम ऑगस्ट ते मे, सामने बहुधा शनिवारी दुपारी तीनला, काही शुक्रवारी रात्री. मोठ्या स्टेडियमवर आहे की शेजारच्या छोट्या सिटी स्टेडियमवर, हे तिकीट काढताना नीट वाचा. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांमुळे संघाला स्पायडर्स म्हणतात. प्रेक्षक थोडे, म्हणून खेळाडूंची ओरडाओरड स्पष्ट ऐकू येते. तरी कमी लेखू नका, फेब्रुवारी २०२५मध्ये यांनी स्कॉटिश कपमध्ये रेंजर्सला त्यांच्याच मैदानावर १-० हरवलं.

खाण्याचं सांगायचं तर मैदानावरची स्कॉच पाय (pie, म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री) मटणाची असते, आणि बोव्हरिल हे गरम पेय बीफचं. शाकाहाऱ्यांनी मॅकरोनी पाय आहे का विचारावं. सामान्य प्रेक्षकांना मैदानात दारू मिळत नाही, १९८०च्या कप फायनलनंतर इथे झालेल्या दंगलीपासून ती बंद आहे. पोटभर जेवायचं तर व्हिक्टोरिया रोडवर भारतीय आणि पाकिस्तानी हॉटेलं आहेत. परतीला माउंट फ्लोरिडा स्टेशन जवळ पडतं. मोठ्या सामन्यानंतर मात्र तिथे लांबलचक रांग लागते, त्या दिवशी सरळ क्रॉसहिलपर्यंत चालत जा.