वहीतली 6.40 ची ओळ

धुळ्यातल्या एका हृदयरोग दवाखान्यात मी ईसीजी काढतो, होल्टर लावतो, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं यंत्र. मे महिन्यात पारोळ्याकडचे एक कापूस उत्पादक आप्पा आले. साठी ओलांडलेली, शुगर 12 वर्षांची. तक्रार एवढीच, "छातीमा जळजळ व्हस, बस."

पुण्याच्या मुलाने दिलेलं स्मार्टवॉच हातात होतं. त्यातला ईसीजी नॉर्मल, आमचाही नॉर्मल. पण आमची पट्टी जेमतेम 10 सेकंदांची, तीही पलंगावर शांत पडलेल्या माणसाची. घड्याळाला तर एकच लीड, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणं. ठोके अनियमित झाले तर ते सांगेल, हृदयाला रक्त कमी पडतंय का हे त्याच्यावरून ठरवता येत नाही. गुडघ्यांमुळे ट्रेडमिल जमणार नव्हती, म्हणून डॉक्टरांनी 24 तासांचं होल्टर सांगितलं.

छातीवरचे केस काढले, स्पिरिटने कातडी घासून पुसली, इलेक्ट्रोडवर टेप मारली. आमच्याकडच्या उन्हात घामाने ते हमखास सुटतात. मग आप्पांना उताणं, दोन्ही कुशींवर आणि उभं करून थोडी थोडी नोंद घेतली. घाई असली की हे टाळावंसं वाटतं. मी टाळलं नाही, याचं आज फार बरं वाटतं. दिवसभरात काय केलं, काय झालं, हे वहीत वेळेसह लिहायचं होतं. आप्पांना लिहिता येत नाही, म्हणून सहावीतल्या नातीला समजावलं.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग बघत होतो. दिवसभराचे लाखभर ठोके, बरेचसे सरळ. पहाटे पावणेसातच्या आत एसटी भाग, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतरचा रेषेचा तुकडा, खाली सरकू लागला. हृदयाला रक्त कमी पडलं की तो असा उतरतो. 1 मिलिमीटर, मग 2. तिरका नाही, आडवा सपाट. ठोके 118. नऊ मिनिटांनी रेषा हळूहळू जागेवर आली. कूस बदलली की रेषा अशी खोटी सरकते, त्यामुळे आधी तीच शंका आली. कालच्या कुशींच्या नोंदी काढून ताडून पाहिल्या. एकीतही रेषा अशी उतरली नव्हती.

मग वही उघडली. गोल अक्षरात लिहिलं होतं: "6.40. आजोबा चाऱ्याचा भारा घेऊन आले. दम लागला म्हणाले. ओट्यावर बसले. पाणी दिलं."

दुखण्याचा उल्लेखच नाही. आप्पांना विचारलं, तर म्हणाले, "माले ते दुखनंच नही, भाऊ." जुन्या शुगरमध्ये नसा बधिर होतात, हृदय कळवळतं तरी माणसाला कळत नाही. हे मला पाठ होतं, पण समोरच्या माणसात बघताना हात थंड पडले.

डॉक्टरांनी त्याच दिवशी नाशिकला पाठवलं. अँजिओग्राफीत पुढची मुख्य रक्तवाहिनी 90 टक्के बंद निघाली. स्टेंट बसला.

महिन्याने आप्पा तपासणीला आले, सोबत नात. तिने आधी वही मागितली. मागच्या पानांवर तिची गणितं होती.