फोनो प्रीअँप बॅटरीवर चालवायचा असेल तर

फोनो प्रीअँप म्हणजे टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा. त्याचा हम, म्हणजे मेनच्या विजेमुळे येणारा घुमणारा आवाज, घालवायला तो बॅटरीवर चालवायचा असेल, तर सोळा सेल विकत आणण्याआधी हम नेमका कुठून येतोय ते शोधा. प्रीअँपच्या दोन्ही इनपुटना शॉर्टिंग प्लग लावा. जुन्या आरसीए प्लगची मधली पिन बाहेरच्या कडीला सोल्डर केली की शॉर्टिंग प्लग तयार. व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवून ऐका. आवाज थांबला तर दोष टर्नटेबलची ग्राउंड वायर, टोनआर्मच्या तारा किंवा कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) जोडणीत आहे, आणि तिथे बॅटरीने काडीचाही फरक पडत नाही. आवाज तसाच राहिला आणि तो 100 हर्ट्झचा, खरबरीत असेल, तर संशय पॉवर सप्लायमधल्या रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि फिल्टरवर. तेव्हा बॅटरीला अर्थ आहे. 50 हर्ट्झचा गोल, मऊ हम असेल तर ट्रान्सफॉर्मर जवळ असण्याची किंवा ग्राउंड लूपची शक्यता जास्त. अशा वेळी पॉवर सप्लाय आधी मीटरभर लांब नेऊन बघा, तो उपाय फुकट आहे. सतत येणारी बारीक सरसर मात्र ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) आणि रेझिस्टरची असते, ती बॅटरीवरही तशीच राहते.

फोनोलाच हा त्रास जास्त का, ते आकड्यांत दिसतं. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज 1 किलोहर्ट्झला 4-5 मिलिव्होल्ट देतं, म्हणून प्रीअँपचा गेन तिथे 40 डीबी, म्हणजे 100 पट ठेवतात. पण आरआयएए वक्रामुळे, म्हणजे रेकॉर्डवर कमी केलेला खर्ज परत वाढवणाऱ्या ठरलेल्या दुरुस्तीमुळे, 50 हर्ट्झला आणखी सुमारे 17 डीबी आणि 100 हर्ट्झला 13 डीबी वाढ मिळते. म्हणजे इनपुटला शिरलेला 50 हर्ट्झ जवळजवळ 700 पट होऊन बाहेर पडतो.

पुढचा हिशोब एनई5532 हा दुहेरी ऑप-अँप आयसी वापरणाऱ्या साध्या एमएम बोर्डाचा आहे. दोन्ही चॅनेलना मिळून एकच आयसी असेल तर तो साधारण 8 मिलिअँपिअर घेतो, दोन असतील तर दुप्पट. बोर्डाला प्लस आणि मायनस अशा दोन बाजूंनी वीज लागते; प्रत्येक बाजूला 8 एए निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या: नाममात्र 9.6 व्होल्ट, ताजे चार्ज केलेले 11 च्या वर. 2000 एमएएचचे सेल एका आयसीवर कागदोपत्री 250 तास चालतात, प्रत्यक्षात 200 धरा. रोज दोन तास ऐकलं तरी तीन महिने निघतात. म्हणूनच सेल पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे, म्हणजे ‘रेडी टू यूज’ प्रकारचे घ्या. जास्त एमएएचचा आकडा छापलेले साधे सेल तीन महिन्यांत आपोआपच बरेच उतरतात. 9 व्होल्टची चौकोनी रिचार्जेबल बॅटरी 200 एमएएचच्या आसपास असते, ती फक्त चाचणीपुरती ठीक.

जोडणी अशी. पहिल्या पॅकचा मायनस आणि दुसऱ्याचा प्लस एकत्र, तेच ग्राउंड. उरलेल्या दोन टोकांना, सेल होल्डरच्या अगदी जवळ, 250 मिलिअँपिअरचा एकेक स्लो-ब्लो फ्यूज. हे सेल दिसायला गरीब, पण शॉर्ट झाले तर तार लाल करतात. फ्यूजनंतर दोन्ही बाजू एकाच वेळी तोडणारा डबल पोल स्विच. मग प्रत्येक बाजूला 10 ओहम रेझिस्टर, 470 मायक्रोफॅरड 25 व्होल्ट कपॅसिटर आणि आयसीच्या पायांलगत 100 नॅनोफॅरड. मायनस बाजूच्या इलेक्ट्रोलिटिकचा प्लस पाय ग्राउंडला जातो. सवयीने हात उलटा लावतो आणि कपॅसिटर फुगतो.

दोन बाजूंना दोन वेगळे स्विच लावण्याचा मोह टाळा. एकच बाजू जिवंत राहिली की ऑप-अँपचं आउटपुट त्या बाजूला जाऊन चिकटतं आणि पुढे डीसी जातो. आउटपुटला 2.2 मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि त्यापुढे ग्राउंडला 100 किलोओहम असले की स्पीकरवर सतत डीसी बसत नाही. धप्प आवाज तरी येतोच, म्हणून चालू-बंद करताना व्हॉल्यूम खाली. इंडिकेटर एलईडी शोभेला लावू नका: 8 मिलिअँपिअरच्या सर्किटवर 5 मिलिअँपिअरची एलईडी म्हणजे भाडेकरूने अर्धं घर बळकावणं, आणि एकाच बाजूला लावली तर ती बाजू आधी संपते.

बोर्डावर ब्रिज रेक्टिफायर आणि 7812/7912 हे 12 व्होल्टचे रेग्युलेटर असतील तर बॅटरी त्यांच्या आधी जोडून चालत नाही, कारण रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा दोनेक व्होल्ट जास्त लागतात. रेग्युलेटर काढा आणि त्यांच्या आउटपुटच्या जागी बॅटरी द्या. तयार मिळणारे, 12 व्होल्ट डीसी अडॅप्टरवाले बरेच प्रीअँप आतल्या आत स्विचिंग कन्व्हर्टरने मायनस बाजू बनवतात. त्यांना बॅटरी दिली तरी तो कन्व्हर्टर चालूच राहतो. 12 व्होल्टसाठी लागणारे 10 सेल ताजे असताना 14 व्होल्टच्या वर जातात, तेवढं त्या यंत्राला झेपतं का तेही बघा. जॅकची पोलॅरिटी मल्टिमीटरने तपासल्याशिवाय पिन खुपसू नका.

चार्जिंगसाठी सेल बाहेर काढून, प्रत्येक सेल स्वतंत्र बघणाऱ्या चार्जरमध्ये टाकणं सगळ्यात बरं. चार-चारच्या चार फेऱ्या होतात, पण कमजोर सेल लगेच सापडतो आणि ऐकताना चार्जर जोडलेला राहून मेनचा गोंगाट परत आत येत नाही. एका बाजूचं व्होल्टेज 8.8 पर्यंत उतरलं की थांबा. त्याखाली रेटलं तर पॅकमधला सगळ्यात अशक्त सेल आधी संपतो आणि बाकीचे त्याला उलटा चार्ज करतात. तो पुढे कधीच नीट सावरत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत यूपीएसच्या 12 व्होल्ट 7 एएचच्या सीलबंद बॅटऱ्या सहज मिळतात. दोन घेतल्या की प्लस-मायनस 12 झालं. जड आहेत, आणि उतरलेल्या अवस्थेत ठेवल्या तर सल्फेट धरून मरतात. 18650 लिथियम सेलचे तीन-तीनचे दोन पॅक केले तर प्रत्येकाला स्वतःचं बीएमएस (सेल जास्त चार्ज किंवा जास्त रिकामे होऊ न देणारं सर्किट) आणि 12.6 व्होल्टचा स्वतंत्र, आयसोलेटेड चार्जर हवा. दोन्ही पॅक एकाच चार्जरला समांतर लावले तर मधल्या ग्राउंडच्या जोडणीमुळे पॅक सरळ शॉर्ट होतात. शिवाय दोन्ही बीएमएस एकाच क्षणी कट होत नाहीत, आणि एक बाजू आधी गेली की आउटपुटला तोच डीसी. त्यामुळे लिथियम वापरायचंच असेल तर बीएमएस तोडायच्या आत, साधारण 10 व्होल्टला, दोन्ही बाजू एकत्र सोडणारा रिले हवा. त्या रिलेची कॉइल एकट्या प्रीअँपपेक्षा जास्त करंट खाणार नाही, असा रिले निवडा.