विजय हजारे नावाचा माणूस

"काका, विजय हजारे ही स्पर्धा आहे, माणूस नाही," असे आज संध्याकाळी विश्रामबागेतील एका मैदानाच्या कडेला, पॅड सोडता सोडता, १२-१३ वर्षांच्या एका मुलाने मला अगदी आत्मविश्वासाने सांगितले.

हे सांगलीत घडले, म्हणून अधिक खुपले. ज्यांच्या नावाने देशांतर्गत एकदिवसीय क्रिकेटची ही स्पर्धा भरते, त्या १९१५ साली याच गावात जन्मलेल्या हजाऱ्यांनी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत, ११६ आणि १४५, अशी शतके काढली होती. १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधारही तेच होते.

मला स्वतःला मात्र पंचरंगी सामन्यातील (स्वातंत्र्यपूर्व काळात मुंबईत धर्मनिहाय पाच संघांत होणाऱ्या स्पर्धेतील) त्यांची ३०९ धावांची खेळी अधिक भावते, कारण त्या डावात संपूर्ण संघाच्या मिळून ३८७ धावा झाल्या होत्या आणि भाऊ विवेक यांच्याबरोबरच्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा होता फक्त २१. (टिकून राहणे हीसुद्धा फलंदाजीच, पण ते आजच्या मुलांना कोण सांगणार?)

मुलाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग सांगलीत त्यांचे घर कुठे होते?"

मला उत्तर देता आले नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे का?