नर्सला जनुकांत काय काम?

"मॅडम, जनुकांच्या अभ्यासात नर्सनं काय करायचं? रक्त काढून नळी लॅबला द्यायची, एवढंच ना?" एमएस्सी नर्सिंगच्या मुली प्रबंधाचा विषय ठरवायला आल्या की हे हमखास विचारतात. आमच्या मालवणच्या नातेवाइकांचाही हाच प्रश्न, फक्त सूर जरा खवचट. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

नळीचं काम सगळ्यात सोपं. जांभळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणारी ईडीटीए नळी, नाहीतर लाळही चालते. माणसाच्या जनुकसंचातली सुमारे 3 अब्ज अक्षरं वाचायला यंत्रं आहेत. अडतं ते पुढच्या रकान्यात: त्या माणसाला होतंय काय, हे कोण नोंदवणार?

सिझेरियननंतर ट्रामाडॉल या वेदनाशामकाचा तोच डोस एकीला पुरतो, दुसरीला नाही. यात सीवायपी2डी6 या, शरीरात औषधावर प्रक्रिया करणाऱ्या जनुकाचा हात असतो. पण 0 ते 10 ची वेदनेची पट्टी पुढे धरली की आमची बाई म्हणते, "काय नाय गो, बरी आसंय मी," आणि कूस वळताना कॉटचा दांडा घट्ट धरते. तुम्ही 2 लिहिलंत, की पुढचं सगळं जनुकशास्त्र त्या 2 वर उभं! म्हणून आधी ठरवा: पडून असताना विचारायचं की हलताना, डोसनंतर किती वेळानं. आणि तिन्ही ड्यूट्यांतल्या सिस्टर एकाच पद्धतीनं विचारतात ना, तेही बघा.

मग माणसं किती? टाइप 2 मधुमेहाशी जोडलेलं टीसीएफ7एल2 हे जनुक 2006 साली पुढे आलं. त्यातल्या धोकादायक बदलाची एक प्रत धोका दीडपटही करत नाही. एवढे बारीक फरक अख्ख्या जनुकसंचात धुंडाळायचे तर निव्वळ योगायोगाची शक्यता 10 कोटींत 5 पेक्षा कमी लागते, म्हणजे माणसं हजारोंनी हवीत. 60 बाळंतिणींवर हे होणार नाही. त्यापेक्षा आधीच ओळखीचं एक जनुक घ्या. व्हायव्हॅक्स या प्रकारच्या मलेरियाला आपण 14 दिवस प्रायमाक्विन हे औषध देतो. जी6पीडी हे तांबड्या पेशींना जपणारं विकर (एन्झाइम); जनुकातल्या बदलामुळे ते कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्या औषधानं फुटू शकतात, लघवी काळपट होते. ही तक्रार आधी कोणाच्या कानावर येते? डॉक्टरांच्या क्वचितच.

कुटुंबं हवी असतील तर गणपती गाठा. चाकरमानी मुंबईहून येतात, आई, वडील आणि मूल एकाच ओटीवर भेटतात. असं त्रिकूट मिळालं की तुलनेला बाहेरची माणसं लागत नाहीत. नाहीतर रुग्ण बंदरावरचे आणि निरोगी गट घाटावरून बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांचा, असा घोळ होतो आणि दोन समाजांतला फरक आजाराचा म्हणून छापला जातो. मात्र त्या दिवसांत उपाशीपोटीची साखर मोजू नका. मोदकांनी डीएनए बदलत नाही, साखर बदलते.

सगळ्यात जास्त वेळ संमतीपत्राला द्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत जनुकीय संशोधनावर वेगळा विभाग आहे, तो वाचा. वाडीत आडनाव, वय आणि आजार एवढं कळलं की माणूस ओळखू येतो, नाव खोडून उपयोग नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या अभ्यासात सून वाहक निघाली, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत तिच्यात सापडली, तर? नवराही वाहक असल्याशिवाय मुलाला तो आजार होत नाही, पण बोल तिलाच लागतो. तेव्हा रक्त काढण्याआधी तिला एकटीला, सासूच्या माघारी विचारा: निकाल हवा का, आणि कोणाला कळलेला चालेल? हे पहिल्याच प्रोटोकॉलमध्ये घाला. नंतर सुचलं तर एथिक्स कमिटीकडे पुन्हा जावं लागतं, आणि प्रबंधाची तारीख काही थांबत नाही.