आळंदीला पोचायचं कसं: वारीआधीच्या प्रवासाचं उलटं गणित

वारीला बाहेरगावाहून येणारे बहुतेक जण पुण्यापर्यंतचं आरक्षण जपून करतात आणि पुढचं "पंचवीस किलोमीटर तर आहे" म्हणून सोडून देतात. अडकतात ते त्या पंचवीस किलोमीटरांतच. प्रस्थानाच्या दिवशी आळंदीत शिरणाऱ्या सगळ्या वाटा टप्प्याटप्प्याने बंद होत जातात आणि तेव्हा हातातलं पक्कं तिकीट काही कामाचं नसतं. म्हणून हिशोब गावाकडून आळंदीकडे नको, आळंदीकडून गावाकडे मागे मोजत यावा.

पहिली गोष्ट तारीख. तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माउलींची आळंदीहून अष्टमीला. २०२३ मध्ये त्या तारखा १० आणि ११ जून होत्या, २०२४ मध्ये २८ आणि २९ जून, २०२५ मध्ये १८ आणि १९ जून. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे आषाढी एकादशी थेट २५ जुलैला आणि प्रस्थानही जुलैत. गेल्या वर्षीच्या तारखेवरून अंदाज बांधून रजा टाकली की फसगत ठरलेली. आणखी एक सापळा मोबाईलवरच्या पंचांगात आहे. उत्तरेकडच्या पद्धतीत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला ज्येष्ठ वद्य पक्ष तिथे आषाढ कृष्ण पक्ष म्हणून दिसतो. तशा अ‍ॅपमध्ये "ज्येष्ठ कृष्ण अष्टमी" शोधली तर महिनाभर आधीची तारीख हाती येते. संस्थानने जाहीर केलेलं वेळापत्रक तेवढं खरं मानावं.

वेळेचंही तसंच. आळंदीतलं प्रस्थान एरवी दुपारनंतर सुरू होतं, पण अष्टमी गुरुवारी आली तर माउलींची नेहमीची गुरुवारची पालखी असते आणि सोहळा रात्रीवर जातो. २०२५ मध्ये तसंच झालं. प्रस्थानानंतर पालखीचा पहिला मुक्काम आळंदीतच आजोळघरी असतो, पुण्याकडे वाटचाल सुरू होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे ज्याला फक्त चालायचं आहे त्याच्या दृष्टीने वारी नवमीच्या पहाटे सुरू होते. प्रस्थानाच्या वेळी देऊळवाड्यात प्रवेश मानाच्या दिंड्यांतल्या ठरावीक वारकऱ्यांनाच मिळतो. बाकीच्यांच्या वाट्याला येते ती गल्लीतली गर्दी. हे माहीत असेल तर अष्टमीला दुपारी तीनला कसंही करून पोचायचंच असा हट्ट उरत नाही.

माझं स्पष्ट मत: दिंडीबरोबर जाणाऱ्याने सप्तमीच्या संध्याकाळपर्यंत आळंदीत असावं. अष्टमीला सकाळी पुण्यात उतरून दुपारी आळंदी गाठण्याचं नियोजन कागदावरच बरं दिसतं. रेल्वेला दोन तास उशीर, पावसाची एक सर, दिघीच्या मॅगझिन चौकात थांबवलेली बस, यातलं एक जरी झालं तरी सामान डोक्यावर घेऊन शेवटचे काही किलोमीटर पायी. आळंदी आणि देहू दोन्ही पिंपरी-चिंचवड पोलिसांच्या हद्दीत येतात आणि वाहतुकीतले बदल दरवर्षी तेच जाहीर करतात. कुठला रस्ता कधीपासून बंद आणि वाहनतळ कुठे, हे त्या पत्रकात असतं. ते वाचल्याशिवाय खासगी गाडी काढू नये.

आता रेल्वे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. प्रवासाचा दिवस या साठांत धरायचा नाही, आणि दिवस मोजायचे ते गाडी मूळ स्थानकावरून सुटते त्या तारखेपासून. मधल्या स्थानकावर गाडी मध्यरात्रीनंतर येत असेल तर खिडकी एक दिवस आधीच उघडलेली असते. उशिरा जागे झालेल्यांना तत्काळ: आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० ला, स्लीपरसाठी ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते काम आधी उरकून ठेवा. ऑनलाइन काढलेलं तिकीट यादी लागेपर्यंत पूर्ण प्रतीक्षेतच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर डब्यात चढता येत नाही. त्यामुळे वेटिंगवर भरवसा असेल तर एसटीचा पर्याय हाताशी हवा.

स्थानकांच्या नावांनी भल्याभल्यांना चकवलं आहे. रेल्वेच्या अ‍ॅपवर "आळंदी" टाकलं की पुणे–मिरज मार्गावरचं एक स्थानक खरोखर येतं. ती म्हातोबाची आळंदी, पुण्याच्या पूर्वेला लोणी काळभोरच्या बाजूची. देवाच्या आळंदीला रेल्वे नाही. त्याच मार्गावरचं "सासवड रोड" हडपसरजवळ आहे, सासवड गाव तिथून बरंच लांब, दिवे घाटाच्या वर. "देहूरोड" हे लोणावळा लोकलचं स्थानक देहूगावात नाही, तिथून गाव सहा-सात किलोमीटर. मेट्रोचं पूर्वी भोसरी म्हणवलं जाणारं स्थानक नाशिक फाट्यावर आहे, भोसरी गावात नव्हे. शिवाय काही गाड्या पुणे जंक्शनला न जाता हडपसरलाच संपतात. तिकिटावरचं शेवटचं नाव नीट वाचा.

पुणे स्टेशन, स्वारगेट आणि मनपा (महापालिका भवन) या तिन्ही ठिकाणांहून आळंदीला पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर सेवेच्या, बस आहेत, वारीच्या दिवसांत जादाही सोडतात. सप्तमीच्या दुपारपर्यंत ही बस हाच सरळ मार्ग. एसटीने येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की जुनं शिवाजीनगर स्थानक मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हललं आहे. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरीपुढे मोफत. ही सवलत पीएमपीत चालत नाही. पीएमपी वेगळी कंपनी आहे. वाहकाशी वाद घालून उपयोग नाही.

मेट्रो शहराच्या गर्दीतून सोडवते, आळंदीपर्यंत नेत नाही. पुणे स्टेशनहून निघालात तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून नाशिक फाटा किंवा पिंपरी, तिथून पुढे बस किंवा रिक्षा. रिक्षावाल्याशी भाडं ठरवताना "आळंदीत" एवढंच म्हणू नका, "देहूफाट्यापर्यंत की आत" हेही ठरवा. बंदोबस्त लागला की तो आत जाऊ शकत नाही आणि खटका तिथेच उडतो.

पुण्यात न शिरताच जमत असेल तर उत्तम. नाशिक, संगमनेर, जुन्नरकडून येणाऱ्या एसटीने चाकण किंवा मोशीला उतरावं, तिथून आळंदी जवळ. नगर रस्त्याने स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांना लोणीकंद–तुळापूर–मरकळ ही वाट आहे, वाघोलीची कोंडी तिच्यामुळे टळते. मुंबईकरांनी देहूला जायचं असेल तर लोणावळ्याला उतरून लोकल धरावी, मात्र दुपारी लोकलच्या फेऱ्या विरळ असतात. विमानाने येणाऱ्यांसाठी लोहगाव ते आळंदी अंतर पुणे स्टेशनपेक्षा कमी आहे, विश्रांतवाडी–दिघीमार्गे. फक्त हा दिघीचा रस्ता म्हणजेच पालखीमार्ग. नवमीला सकाळी त्यावरून आळंदीत वाहनाने यायचा विचारही करू नये.

खरी जोडणी मात्र गाडीची नाही, दिंडीची. आळंदीत पोचलात आणि दिंडी सापडली नाही तर न पोचल्यासारखंच. दिंडीचा क्रमांक पालखीच्या "रथापुढे" की "रथामागे" यासकट पाठ हवा, कारण एकच आकडा दोन्हीकडे असतो. दिंडीचालकांचा आणि दिंडीच्या सामानाच्या ट्रकसोबत असणाऱ्या माणसाचा, असे दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. लाखोंच्या गर्दीत नेटवर्क कोलमडतं, फोन लागत नाही, नकाशा उघडत नाही. भेटीची जागा "मंदिराजवळ" किंवा "घाटावर" अशी ठरवली तर चार तास शोधत फिराल. दिंडी उतरली असेल त्या धर्मशाळेचं नाव आणि गल्ली विचारून घ्या. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, आधी भरलेली असली तरी जेवणाच्या आणि तंबूतल्या जागेच्या हिशोबासाठी कधी पोचणार ते चालकांना कळवावं लागतं. सामान ट्रकमध्ये चढवण्याची वेळही तेव्हाच विचारा. ट्रक पालखीच्या मागे रेंगाळत नाहीत, पुढच्या तळाकडे आधीच निघतात. ट्रक गेल्यावर पोचलात तर पुण्यापर्यंत पिशवी तुमच्याच खांद्यावर.

परतीचे कपडे आणि जादा सामान पुणे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवण्याची कल्पना काहींना सुचते. बॅगेला कुलूप असेल तर ठेवूनही घेतात. पण वारी संपते पंढरपुरात, दोनशे किलोमीटरवर. बॅगेसाठी उलटं पुण्याला यावं लागेल. नकोच ते.

आळंदी चुकली तर वारी चुकली असं मानायचं कारण नाही. पालखी पुण्यात दोन रात्री असते: माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाकडे. ज्याची दिंडी नाही, पहिलीच वेळ आहे किंवा रजा दोन दिवसांनी कमी आहे त्याने मी तर म्हणेन पुण्यातूनच सुरुवात करावी. रेल्वेला एक पूर्ण दिवस उशीर झाला तरी चालतं, पालखी दुसऱ्या दिवशीही तिथेच असते. पालख्या शहरात येतात त्या दुपारी रस्ते बंद असतात, पण मेट्रो चालू असते. कसबा पेठ किंवा मंडई स्थानकाला उतरून पुढे पायी जावं.

पुण्याहून सासवडचा टप्पा तीसेक किलोमीटरचा, वर दिवे घाट. ज्यांना तो टाळून सासवडला गाठ घालायची आहे त्यांनी लक्षात ठेवावं की त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो आणि वाहतूक बोपदेव घाटाने वळवतात. सासवडलाही मुक्काम दोन रात्रींचा, म्हणून दुसऱ्या दिवशी निवांत पोचता येतं.

सांगली, कोल्हापूरकडच्या मंडळींनी तर पुण्यापर्यंत यायचीच गरज नाही. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही मुक्कामाची आणि विसाव्याची गावं पुणे–मिरज मार्गावरच आहेत. पॅसेंजरने थेट तळाजवळ उतरता येतं. तुकोबांच्या वाटेवर तशीच सोय पुणे–दौंड मार्गावर लोणी आणि यवतला आहे. फक्त कोणत्या तारखेला पालखी कुठे, हे त्या वर्षीच्या पत्रिकेतूनच घ्या. तिथीचा क्षय-वृद्धी झाला की मधला एखादा मुक्काम कमी-जास्त होतो, लोणंदचा तर हमखास. गेल्या वर्षी ज्या दिवशी लोणंद होतं त्या दिवशी यंदाही असेल असं नाही.

परतीचं तिकीटही याच बैठकीत काढून टाका. पंढरपूर स्थानक कुर्डुवाडी–मिरज मार्गावर आहे. थेट गाडी मिळाली नाही तर एसटीने कुर्डुवाडी गाठायची, ते पुणे–सोलापूर मुख्य मार्गावर असल्याने तिथून गाड्या भरपूर. यात्रेत पंढरपुरात एसटीची तात्पुरती स्थानकं जिल्ह्यांप्रमाणे वेगवेगळी असतात, आपली बस कुठून सुटते ते वाखरीच्या मुक्कामातच विचारून ठेवा. एकादशीच्या संध्याकाळचं आरक्षण शक्यतो करू नका. दर्शनरांग किती तास घेईल ते कोणाच्याच हातात नसतं.