मानेतून चढणारी डोकेदुखी आणि जबड्याचा सांधा: माझा अनुभव

माझी डोकेदुखी नेहमी एकाच वाटेने यायची. मान आणि कवटी जिथे जुळतात तिथे उजव्या बाजूला आधी जडपणा येई, मग तो कानामागून वर चढे आणि दुपारपर्यंत उजव्या डोळ्यामागे ठाण मांडून बसे. दोन वर्षांत तिने बाजू कधी बदलली नाही. मी मुद्रितशोधनाचे काम करते आणि दिवसाचे सात-आठ तास पडद्यासमोर असते, त्यामुळे आधी चष्म्याच्या नंबरावर आणि मग अर्धशिशीवर संशय घेऊन झाला. अर्धशिशीच्या गोळ्यांनी काही फरक पडला नाही. साध्या वेदनाशामक गोळीने मात्र तेवढ्यापुरते बरे वाटे, आणि म्हणून ती माझ्या पर्समध्ये कायमची राहायला आली.

जबड्याची तक्रार मी वेगळ्याच खात्यात टाकली होती. जांभई देताना उजव्या कानापुढे ‘कट्’ असा आवाज येई आणि कडक काही चावले की कानात दुखे. कानाच्या डॉक्टरांनी कान निर्दोष ठरवला. दंतवैद्यांनी दाढांची झीज दाखवून मी झोपेत दात खाते असे सांगितले आणि रात्री घालायचा नाइट गार्ड बनवून दिला. त्याने सकाळचा जबड्याचा ताठरपणा कमी झाला, डोकेदुखी होती तशीच राहिली. त्याच सुमारास मानेचे व्यायामही चालू होते. त्यांनी पंधरा दिवस बरे वाटे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दंतवैद्यांना मी डोकेदुखीबद्दल आणि मानेचे व्यायाम शिकवणाऱ्यांना जबड्याबद्दल अवाक्षर सांगितले नव्हते. कोणी विचारले नाही हे खरे, पण सांगणे माझेही काम होते.

या दोन गोष्टी पहिल्यांदा एकत्र ऐकल्या त्या मज्जाविकारतज्ज्ञांनी. माझे वय ५३ असल्यामुळे त्यांनी सर्वांत आधी विचारले, “चावता चावता जबडा दमतो का? नजर कधी अंधूक होते का?” पन्नाशीनंतर नव्याने डोके दुखू लागले आणि चावताना जबडा दुखत असला, तर कानशिलावरच्या रक्तवाहिनीचा दाह नाही ना हे तातडीने पाहावे लागते, कारण त्यात दृष्टी जाऊ शकते. शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या माझ्या दोन्ही रक्तचाचण्या सामान्य निघाल्या. दुसरा प्रश्न गोळ्यांचा होता. मोजून पाहिले तर महिन्यातले १८ दिवस भरले. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामके घेतली, तर त्या गोळ्याच डोकेदुखी चालू ठेवू शकतात, हे मला तिथे कळले.

चेहरा आणि जबड्याची संवेदना त्रिशाखी चेता (ट्रायजेमिनल नर्व्ह) वाहून नेते. तिचे काही तंतू मेंदूच्या देठातून मानेच्या मज्जारज्जूत खाली उतरतात, आणि मानेच्या वरच्या तीन चेतांचे तंतू त्याच पेशीसमूहाशी येऊन मिळतात. दोन प्रतींवरच्या दुरुस्त्या एकाच कागदावर उतरवल्या की कोणती कुठल्या प्रतीतली हे सांगता येत नाही, तसेच मेंदूचे होते: मानेतले दुखणे त्याला डोळ्यामागे वाटते आणि जबड्याची कुरकुर कानशिलात. याचा अर्थ एकामुळे दुसरे होतेच असा नाही, हेही त्यांनी बजावले. पण दोन्हीकडून मारा चालू असताना एकाच बाजूचा उपचार अपुरा पडू शकतो.

त्यांनी जबड्याचेही काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तिने मला उताणे झोपवून हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवली आणि त्या स्थितीत डोके एकेका बाजूला वळवले. अशा वेळी साधारण ४४ अंश वळण मिळायला हवे. माझे उजवीकडचे जेमतेम निम्मे होते. मानेच्या वरच्या टोकाशी बोट दाबताच तीच ओळखीची कळ डोळ्यामागे उठली. तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडावे, माझे ३१ उघडत होते आणि उघडताना जबडा उजवीकडे सरकत होता. गालाचा स्नायू दाबल्यावर वरची दाढ दुखल्यासारखी वाटली; त्या दाढेला काहीही झालेले नव्हते.

मग तिने मला काम करताना पाहायचे ठरवले, आणि खरा उलगडा तिथे झाला. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर. त्याच्या खालच्या भागातून पडदा वाचण्यासाठी मी हनुवटी वर उचलून बसत होते, त्यामुळे मानेचा वरचा भाग तासन्‌तास मागे दुमडलेला राही. आणि चूक सापडली की दात घट्ट आवळत होते. विश्रांतीत ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकलेली असावी. तिने पडद्याच्या कडेला लाल टिकली लावायला सांगितली: दिसली की दात तपासायचे. पहिल्या आठवड्यात जवळजवळ दर वेळी ते आवळलेलेच सापडले. लोक रागाने दातओठ खातात, मी अनुस्वारासाठी खात होते.

उपचार असा काही चमत्काराचा नव्हता. पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. मानेच्या वरच्या सांध्यांवर हाताने केलेले उपचार, हनुवटी हळूच आत घेऊन १० सेकंद धरण्याचा व्यायाम, टाळूला जीभ टेकवून तोंड उघडणे, गालाला शेक आणि काही आठवडे मऊ अन्न, एवढेच. गोळ्या बंद केल्यावरचे पहिले दहा दिवस मात्र वाईट गेले. तेव्हा सोडून द्यावेसे वाटले होते. मधल्या काळात दुसऱ्या एका दंतवैद्याने चावा जुळवण्यासाठी दाढा घासून कमी करण्याचा सल्ला दिला, तो मी मानला नाही, कारण घासलेला दात परत येत नाही आणि साधे उपाय अजून संपले नव्हते.

पाच महिन्यांनी डोकेदुखीचे दिवस महिन्याला चारावर आले आणि तोंड ४१ मिलिमीटर उघडू लागले. कामाची मुदत जवळ आली की मान अजूनही जड होते, तेव्हा मी आधी दात सुटे करते आणि मग मान पाहते. ‘कट्’ आवाज गेलेला नाही. तो दुखत नाही आणि जबडा अडकत नाही, म्हणून मी आणि फिजिओथेरपिस्ट दोघींनीही त्याच्या वाटेला जायचे नाही असे ठरवले आहे.